अंजनाबाईंची कूलरबंदी

आमच्या गल्लीत मेघाला सगळे ओळखतात ते तिच्या हातांमुळे. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हे मागाहून आठवतं. कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या उतरवायच्या, जुनं गवत फेकून नवं भरायचं, टाकीत पंप बसवायचा, हे सगळं ती पाऊण तासात उरकते. वर तुम्हालाच सुनावते, की मागच्या वर्षी टाकी न पुसता कूलर पोटमाळ्यावर टाकला ना, म्हणून गंजला. मी एसटीच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली, पण इतक्या निमूटपणे साहेबाचंही ऐकून घेतलं नाही.

घोळ एवढाच, की नागपूरच्या माणसाला कूलर लागतो एप्रिलात आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षाही येते एप्रिलातच.

मेघाची आई अंजनाबाई एका खासगी दवाखान्यात आया आहेत. त्यांच्या बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत आणि त्यांच्या थोडा खाली एक रिकामा खिळा. मेघाचं कॉलेजात नाव घातलं त्याच दिवशी तो ठोकलेला. काळा गाऊन, काळी टोपी, हातात पदवीची गुंडाळी, असा फोटो तिथे लागायचा आहे. तीन वर्षांत त्यांनी त्या खिळ्याला कॅलेंडरसुद्धा टेकू दिलं नाही. मी एकदा बोलता बोलता टोपी अडकवली, तर चहा अर्ध्यावर राहिला.

"माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवा त्याले सही येत नव्हती," त्या म्हणाल्या. "मी नववीत शाळा सोडली. आता हे सोडणं बंद. उचला टोपी."

आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की ज्याला काही सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगायचं, अशी पद्धत आहे. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी अंजनाबाई उभ्या राहिल्या.

"मेघाचे पेपर होईस्तोवर तिले कूलरले कोणी बोलावू नका. बोलावलं की पोरगी पुस्तक फेकून पळते. एवढं ऐका माझं."

साऱ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर प्रश्न पडला. मेघाला बोलवावं तर अंजनाबाईंना काय वाटेल? सीताबर्डीहून दुसरा मिस्त्री आणावा तर मेघाला काय वाटेल? कुणाचंच मन दुखवायचं नाही म्हणून अकरा घरांनी मिळून उकडून घ्यायचं ठरवलं. पारा त्रेचाळीसवर होता. आमच्या शहाणपणाला तोड नव्हती.

चौथ्या दिवशी मी फितूर झालो. अंजनाबाई ड्युटीवर गेल्याची खात्री करून मेघाला फोन केला. ती मागच्या दाराने आली, एका हातात पाना-पक्कडची पिशवी आणि दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तक.

"काकाजी, एका अटीवर," ती म्हणाली. "हे धरा अन् मले प्रश्न विचारा. हात कामात राहतीन, तोंड रिकामंच आहे ना."

मी चष्मा लावून अडखळत विचारत गेलो आणि ती ताटीत गवत भरत, तोंडात तार धरून, धडाधड उत्तरं देत गेली. एंट्रॉपी म्हणजे काय, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. पसारा आपोआप वाढतो, आपोआप कमी होत नाही. हे माझ्या बायकोला आधीपासून माहीत होतं.

"बस, मग डिग्री पक्की," मी म्हणालो.

"कायची पक्की? तिकडे बेसाले नवीन बिल्डिंगची स्कीम झाली, साठ फ्लॅट, साठ कूलर. ठेकेदार गौरांगभाऊ पूर्ण सीझनचं काम देऊन राहिले. बावीस तारखेले सकाळी त्यांचा टेम्पो येते. पहिला पेपर बी बावीसलेच." तिने पंपाला फुंकर मारली. "मी टेम्पोत बसीन. आईले सांगू नका."

"मग हे प्रश्न कायले गं?"

"तीन वर्षं डोक्यात भरलं, काकाजी. असं एकदम कसं सांडू?"

गार हवा अंगावर घेऊन उपदेश करायला तोंड कुठून आणणार?

कूलर मी दारंखिडक्या लावून, कमीत कमी वेगावर चालवला. गल्लीत आपणच एक पापी, अशी माझी समजूत होती. ती पुढच्या रविवारी फिटली. वंदना संपली, पंचशील म्हणून झालं आणि शेजारच्या जिजाबाई दाराबाहेर पाहून म्हणाल्या, "चपला कशा पडल्या पाहा वं. एंट्रॉपी वाढून राहिली."

"ती आपोआप कमी होत नसते," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाहेरून काम करावं लागते!" मागून तीन आवाज एकदम आले.

अंजनाबाईंनी एकेकाकडे पाहिलं.

"कोणाकोणाचे कूलर लागले? बोला नं. आत्ताच पंचशीलात म्हटलं, खोटं बोलणार नाही."

जिजाबाईंनी हात वर केला, मग मी, मग एकेक करत अकराही. अंजनाबाईंना हसू फुटलं. "बाप्पा! म्हणजे माझाच राहिला."

आमची मान तिथे खाली गेली. त्यांचा कूलर पोटमाळ्यावर पोत्यात गुंडाळलेला होता. आईला कळू नये म्हणून मेघाने त्याला हात लावला नव्हता, आणि ही बाई ड्युटीवरून येऊन रोज डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसत होती. मला फार लाज वाटली. मेघाचा चेहरा तर पाहवत नव्हता.

"आई, आजच लावून देते."

"नाही. पेपर झाल्यावर. मी म्हटलं तं मी तरी पाळीन."

बावीस तारखेला सकाळी आठला टेम्पोचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागला. गौरांग खाली उतरला आणि मेघाला बेसाच्या कामावर चल म्हणून हाका मारू लागला. अंजनाबाईंना सगळं तेव्हाच कळलं. आम्ही सगळे आपापल्या दारात झाडू, ब्रश, जे मिळालं ते हातात धरून उभे.

मेघा पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, आत गेली आणि तिने पिशवी त्या खिळ्याला अडकवली. बाहेर आली ती पेन आणि हॉलतिकीट घेऊन.

"भाऊ, मी आठ मेनंतर मोकळी आहो."

"तोवर मी दुसरा लावीन," गौरांग म्हणाला. "मग काही म्हणू नको."

"माहीत आहे मले."

टेम्पो रिकामा गेला. मला वाटलं, आता अंजनाबाई पिशवी खाली आदळणार. माझी टोपी दोन मिनिटं चालली नव्हती. पण ती मळकी पिशवी तसबिरींच्या खाली सोळा दिवस तशीच राहिली.

शेवटच्या पेपरच्या दुपारी मेघा घरी आली, तेव्हा अंजनाबाईंनी स्वतः पिशवी काढली, पदराने पुसली आणि तिच्या हातात दिली.

"आता माझा लाव. अन् आज प्रश्न मी विचारीन."

मेघाने ताट्या उतरवल्या. मी पोतं उचलायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळलो होतो.

"बेसाचं काम गेलं," अंजनाबाईंनी विचारलं, "वाईट वाटते का?"

पक्कड थांबली. "वाटते."

"मले बी वाटते," अंजनाबाई म्हणाल्या आणि टाकीत पाणी ओतायला बादली उचलली.