घरमालकांची थंडी

छत्रपती संभाजीनगरात भर एप्रिलमध्ये कानटोपी घालून फिरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात माझी वरची खोली आहे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असतं, कुत्री गाड्यांखाली शिरलेली असतात, आणि आमचे घरमालक काका फाटकात उभे राहून हात चोळत म्हणतात, "आज वर लई गारठा होता बरं का, गोंदिया." गोंदिया म्हणजे मी. नववीत शाळा सोडली, फ्रिज दुरुस्ती शिकलो आणि पोटामागं इतक्या लांब आलो. काकांनी माझं नाव एकदा विचारलं होतं, पण त्यांना गावाचंच जास्त आवडलं. आणि 'वर' म्हणजे म्हैसमाळला. तिथं उतारावर काकांचं रान आहे, रानात पांढऱ्या द्राक्षांच्या वेली आहेत, आणि त्या द्राक्षांची काका नारंगी वाईन करतात, रीतसर परवाना काढून. मी आमच्याकडच्या सवयीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "संत्री किती टाकता जी?" काकांनी असं पाहिलं की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मग त्यांनीच चहा पाजून समजावलं: पांढऱ्या वाईनला रस काढून साली फेकतात, हिच्यात रस सालीबियांसकट महिनोन्महिने मुरवतात, म्हणजे सालीचा रंग आणि तुरटपणा उतरतो. "अन् हे थंड मुलखातच जमतं," काका म्हणाले, "म्हणून म्हैसमाळ."

हे वेड त्यांना विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लागलं. काका-काकू एका यात्रा कंपनीबरोबर युरोपात गेले होते. कुठल्याशा डोंगराळ गावात बस बंद पडली. बाकी मंडळी धपाटे सोडून बसली, काका मात्र उतरून एका शेतकऱ्याच्या तळघरात शिरले. तिथं जमिनीत रांजण पुरलेले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं काकांना सगळं समजलं. "बस सुरू झाली तेव्हा हे स्वतःच नारंगी होऊन आले," असं काकू सांगतात.

तेव्हापासून थंडी हा काकांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. रानातला तापमापक त्यांनी विहिरीच्या काठावर, जांभळाच्या गच्च सावलीत, ओल्या गोणपाटाला टेकवून टांगलाय. तो फक्त पहाटे वाचायचा. दुपारी कुणी तिकडं पाहिलं तर "ही त्याची वेळ नाय" म्हणून दटावतात. एकदा शेजारचा शेतकरी घाम पुसत म्हणाला, "काका, लई उकडतंय." काका म्हणाले, "तुला ताप असंल," आणि त्याला तापाची गोळी गिळायला लावली.

मी या घरात आलो तो मुळात फ्रिज बघायला. आत भाजी नव्हती. नुसते द्राक्षांचे घड, प्रत्येकाला बांधाचं नाव चिकटवलेलं. कोथिंबीर बाहेर, माठाशेजारी, सासूनं हाकलल्यासारखी. काकांची तक्रार एवढीच की या फ्रिजला डोंगरावरची थंडी येत नाही. मी भीत भीत म्हणालो, "यात बिघाड नाही जी. पैसे नको." काका काकूंकडं वळले: "ह्याला वरची खोली दे. ह्याला खोटं बोलता येत नाय." शहरात माझं कुणी नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आजवर राहतोय, आणि ते वाक्य कधी परत घेतील याची धास्ती अजून गेलेली नाही.

वाईनच्या चवीबद्दल मी बोलू नये. पण एका वर्षी ती आंबून तिचा चक्क शिरका झाला, तो काकूंनी कांद्यावर संपवला. पुढच्या वर्षी रांजण तडकला आणि सगळी वाईन डोंगर प्याला. तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "अहो, आता यंदाचं शेवटचं. पोळ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर वेली उपटायच्या अन् मोसंबी लावायची. रोपं सांगून ठेवलीत मी."

"मोसंबी? ती आजाऱ्याला द्यायची वस्तू आहे!"

"मग घरचीच लागेल तुम्हाला."

काका हादरले. त्या वर्षी त्यांनी रांजणाजवळ बाज टाकली. रस आंबायला लागला की साली फुगून वर येतात. तो थर सकाळ-संध्याकाळ खाली दाबावा लागतो, नाहीतर वाळून बुरशी धरतो. काका लांब दांड्याच्या रवीनं दाबत बसायचे आणि सालींची समजूत घालायचे, "जा बाई खाली, वर काय ठेवलंय?" आणि नेमकं अशा वेळी काकांना ऊन लागलं. म्हैसमाळला. कानटोपीत. डॉक्टरांनी खाटेवरून हलू नका म्हणून बजावलं. काकांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर्दी झाल्याचं सांगितलं.

साली दाबायला काकू आणि मी गेलो. काकूंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे असं तरंगतं ठेवतात? लोणच्याच्या फोडी वर आल्या तर आपण काय करतो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा आणला, उकळत्या पाण्यातून काढला, सालींवर स्वच्छ फडकं घातलं, त्यावर ताटली आणि ताटलीवर तो दगड. साली गपकन खाली बसल्या.

"काकू, काकांना विचारू का जी?"

"विचार की. अन् खोली दुसरीकडं बघ."

काका उठून पहिल्यांदा रानात आले आणि झाकण काढून बराच वेळ बघत राहिले. "पाटा पण आणायचा होता," एवढंच म्हणाले. त्यांची खात्री पटली होती की मोसंबी लावता यावी म्हणून बायकोनं वाईन मुद्दाम बिघडवलीय. त्यानंतर दोघं माझ्यामार्फत बोलायला लागले. "गोंदिया, तिला सांग, मीठ कमी आहे." "त्यांना म्हणावं, समोरच आहे." मी जेवताना दोघांच्या मध्ये, घास हातातच.

पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा झाली आणि रांजण उघडला. काकांनी पेला भरला. रंग सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा. एक घोट घेतला आणि ते खाली बाजेवर बसले. काकूंनी पेला काढून घेतला. त्या पीत नाहीत. त्यांनी लोणच्याची बरणी हुंगतात तसा तो हुंगला.

"नासलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुला तर वेली नको होत्या," काका कितीतरी दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलले.

"नको होत्या. म्हणून केलेलं नासू द्यायचं?" आणि पदर खोचून त्या रानातल्या चुलीकडं वळल्या. "नुसतं पिऊ नका, पोटात आग पडेल. पिठलं टाकते."

"अगं, पुरणपोळी आहे की."

"ह्याच्याबरोबर पुरण? काही कळतं का तुम्हाला?"

मोसंबी गेली, हे मला तेव्हा कळलं. दगडामुळं जमलं की काका चार दिवस झोपून राहिले म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता काकांचे गुडघे गेलेत, घाट झेपत नाही. वर मीच जातो. घरात चटणी मिक्सरवर होते, कारण वरवंट्यानं मुक्काम कायमचा रानात हलवलाय. यंदा जांभळाच्या सावलीत, ओल्या गोणपाटाजवळ, अगदी पहाटेसुद्धा तापमापक ऐकत नाही. उन्हं वर येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटलेला असतो, तेवढ्यात फोन येतो.

"गोंदिया, किती थंडी?"

"लई गारठा जी. कानटोपी घातलीय."

तिकडून काका म्हणतात, "स्वेटर पण घाल बाबा. घरापासून लांबचा माणूस तू. आजारी पडलास तर तुझ्या आईला आम्ही काय सांगायचं?" मागून काकूंचा आवाज येतो, "दगड ठेवला का विचारा."

खोटं बोलता येत नाही म्हणून मला ती खोली मिळाली होती. त्यामुळं फोन खिशात टाकला की मी पिशवीतून काकांची कानटोपी काढतो, त्या उन्हात नीट कानांवर ओढून घेतो, आणि मग रांजणाकडं जातो.