पलंग क्रमांक अकराचं नाव

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, “पायलोरिक ऑब्स्ट्रक्शन.” मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधला फिटर. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बाबांसमोर अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून मान हलवली.

मग त्यांनीच सोप्या हिंदीत समजावलं. जठराच्या खालच्या तोंडाला पायलोरस म्हणतात. अन्न तिथून आतड्यात उतरतं. बाबांचं ते तोंड आक्रसून जवळजवळ बंद झालं होतं. जुन्या अल्सरमुळे, म्हणजे जठरातल्या जखमेमुळे झालं असेल, नाहीतर कॅन्सरही असेल. पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

बाबा रेल्वेच्या दुर्ग लाइनवर तीस-पस्तीस वर्षं फाटकवाले होते. ते शांतपणे म्हणाले, “म्हंजे फाटक बंद, अन् गाडी उभी.”

डॉक्टरांना मी हे हिंदीत सांगितलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

लक्षणं कितीतरी महिन्यांपासून होती. जेवल्यावर पोट टम्म व्हायचं, आंबट ढेकर यायचे आणि मग उलटी. उलटीत आदल्या दिवशीचा भात जसाच्या तसा. आम्ही ओवा दिला, सोडा दिला, हिंगाचं पाणी दिलं. त्या दिवसांत कारखान्याच्या वाढीसाठी सगळं भिलाई खणलेलं होतं, घराघरांत लाल धूळ. आम्ही धुळीवर खापर फोडून मोकळे झालो. बाबांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. तुमच्या घरात कुणाच्या उलटीत कालचं अन्न पडत असेल, तर ओव्याच्या नादी लागू नका.

माझ्या मेडिकल बुकावर बाबांचं नाव होतं, म्हणून कारखान्याच्या इस्पितळात त्यांना पलंग मिळाला. क्रमांक अकरा. आधी बेरियम मील झालं होतं, म्हणजे खडू कालवल्यासारखा पांढरा घोळ पिऊन एक्स-रे काढायचा. आता नाकातून राइल्स ट्यूब गेली. त्या नळीनं जठरात साचलेलं बाहेर काढायचे. हातात सलाइन. आठ दिवस अंगात ताकद भरायची आणि मग ऑपरेशन.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. “वय बासष्ट, छाती बिडीनं खराब. मी प्रयत्न करीन. पण घरचं काही आवरायचं असेल तर आवरून घ्या.”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी वही-पेन्सिल घेऊन गेलो. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावचं घर, कुणाला काय सांगायचं, कुठला कागद कुठे आहे, सगळं लिहून घ्यायचं ठरवलं होतं. आई फडकं धुवायला नळावर गेली होती.

बाबा म्हणाले, “एकच काम हाय. माह्यं नाव नीट कर.”

“नावाला काय झालं?”

“नारायण माह्यं नाव नोहे. नारायण माहा मोठा भाऊ. मी सखाराम.”

मला वाटलं, सलाइन डोक्यात गेलं. पण ते ठणठणीत शुद्धीवर होते. नळीमुळे थांबत थांबत त्यांनी सांगितलं. रेल्वेत निवड नारायणची झाली होती. हजर व्हायचा कागद आला त्याच आठवड्यात पटकीनं तो गेला. आजी म्हणाली, घरात खायाले दाणा नाही, तू जा त्याच्या जागी. बाबा चार वर्षांनी लहान. ते गेले, आणि तेव्हापासून नारायणच झाले. निवृत्तही नारायणच्या वयानं झाले.

“आता मी मेलो तं कागदावर नारायण मरन. तो तं कवाचाच मेला. मंग मी कुठं गेलो? मले माह्या नावानं मरू दे, बापू.”

एकेक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. आई जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव कधी घ्यायची नाही, ‘अजी’ म्हणूनच हाक मारायची. आमच्या घरात बाबांचं नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. पितृपक्षात बाबा एक पान जास्तीचं वाढायचे. कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “हाय एक घरचाच माणूस.”

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली ती भीती. माझ्या गेटपासावर बापाचं नाव नारायण, मेडिकल बुकात नारायण. हे बाहेर फुटलं असतं तर बाबांचा पलंग गेला असता आणि माझी नोकरीही. मी म्हणालो, “आधी बरे व्हा, मग पाहू.” आजारी माणसाचं तोंड बंद करायला याहून सोपं वाक्य नाही. बाबांनी भिंतीकडे मान वळवली. पुढचे सहा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीच्या कागदावर मी सही केली. पेशंटचं नाव नारायण, वय बासष्ट. पेन्सिल घेऊन आलेला मीच, आणि खोटं लिहिणाराही मीच.

आई बाकावर बसून होती, मी येरझारा घालत होतो. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. “गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी केली,” म्हणजे बंद दार तसंच ठेवून जठराला आतड्याशी जोडणारा नवा रस्ता काढला. कॅन्सर दिसला नव्हता, तरी एक तुकडा बायोप्सीला, म्हणजे तपासायला, पाठवला होता. मी आईला ते मराठीत समजावलं.

पण बाबा जागे होईनात. पलंगावर आणून अर्धा तास झाला. केरळची सिस्टर गालांवर चापट्या मारत होती, “नारायणजी! आँखें खोलो, नारायणजी!” पापणीसुद्धा हलत नव्हती. डॉक्टर आले, नाडी धरली, त्यांच्या कपाळाला आठी पडली. सिस्टरचा आवाज चढला, “नारायणजी!”

मी पायथ्याशी उभा होतो. नाव मला माहीत होतं, पण तोंडून फुटेना. त्या क्षणीही मी गेटपासाचाच विचार करत होतो. ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहायला हवं.

आई उठली. पदर डोक्यावर सारखा केला, सिस्टरला हातानं बाजूला केलं आणि बाबांच्या कानाशी वाकली.

“सखारामजी,” ती मोठ्यानं म्हणाली. “अजी सखारामजी, उठा नं.”

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

बाबांच्या भुवया हलल्या. डोळे किलकिले झाले. ते खेकसले, “काय वं?”

आई खाली बसून रडली. सिस्टरनं पलंगाच्या कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ये सखाराम कौन?”

मग मी सगळं सांगून टाकलं, खरं वय अठ्ठावन्न हेही. डॉक्टर ऐकत राहिले. म्हणाले, “मैं पेट खोलता हूँ, काग़ज़ नहीं.” पण वयाबद्दल त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. भूल देताना वयाचाही विचार करतात, ते लपवायचं नसतं. हे तुम्हीही लक्षात ठेवा. मग त्यांनी कार्डावर नारायणच्या पुढे स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘उर्फ सखाराम’.

बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. सतरा दिवसांनी बाबा घरी आले. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बाबांना न विचारता मी आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव लावायचा अर्ज दिला. पुढचे तीन आठवडे गेटावर पास दाखवताना मी बापाच्या नावावर अंगठा ठेवायचो. मग बड्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, बोलावलं. दुर्गच्या कोर्टातून प्रतिज्ञापत्र करून आण म्हणाले. आणलं. माझ्या कागदांवर ‘उर्फ’ लागला, एवढंच झालं. ज्या भीतीपायी मी बापाला भिंतीकडे तोंड करायला लावलं, ती एवढीशी होती.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस आवराआवर करायला लागलं, तर वही नंतर काढा. आधी त्याला काय नीट करायचं आहे ते विचारा, आणि ‘मग पाहू’ म्हणू नका.

त्या वर्षी पितृपक्षात बाबांनी जास्तीचं पान वाढलं. आई आणि मी बाजूला उभे होतो. बाबा दरवर्षी गुपचूप हात जोडायचे. या वेळी मोठ्यानं म्हणाले, “नारायण, ये रे दादा, जेवाले. तुह्यं नाव वापस घे.”

मग ते स्वतःच्या पानावर बसले आणि आईला म्हणाले, “वाढ.”

“कोणाले वाढू?” आईनं विचारलं.

“सखारामले,” बाबा म्हणाले, आणि दोनदा भात मागून घेतला.