अंक कुणाच्या केबिनमध्ये आहे

विद्याश्री जंगम मूळची कुरुंदवाडची. बोलणं घरात कन्नड, बाहेर मराठी. राग मात्र दोन्ही भाषांत सारखाच तिखट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती सहायक म्हणून लागली. पुढं ग्रंथपाल निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरलीच नाही आणि सगळा कारभार हिच्या अंगावर पडला.

२००७ च्या पावसाळ्यात गगनबावड्याची अक्षता कांबळे काउंटरशी आली. हायस्कुलात शिकवत ती घाटातल्या वनस्पतींवर पीएच.डी. करत होती. साडीचा काठ चिखलानं भरलेला. तिला वनस्पतिशास्त्राच्या एका नियतकालिकाचा ताजा अंक हवा होता.

"आला न्हाय की अजून," शिपाई आकाराम म्हणाला.

"मागच्या खेपेलाही हेच. फोन केला तर कोण उचलत न्हाय. आला का न्हाय एवढं कळायला दर वेळी गगनबावड्यासनं यायचं व्हय?"

विद्याश्रीला ते लागलं. वाचकाला असे हेलपाटे घालायला लावणारं ग्रंथालय कशाला म्हणायचं ग्रंथालय? एका कार्यशाळेत तिनं वेब फीडबद्दल ऐकलं होतं. तिनं ग्रंथालयाचा ब्लॉग काढला. तिथं नवी नोंद टाकली, की फीड घेतलेल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप पोचायची. काय आलं, कुठं ठेवलं, सगळं. अक्षतानं शाळेतल्या कॉम्प्युटरवर फीड घेतलं. बघता बघता कॉलेजातली पोरंही घेऊ लागली.

ऑगस्टमध्ये अंक आला. विद्याश्रीनं नोंद टाकली. शनिवारी अक्षता हजर झाली. रॅक रिकामा.

"आकाराम, अंक कुठाय?" विद्याश्रीनं विचारलं.

आकाराम खाली बघत म्हणाला, "गणपतराव सरांनी नेला. ते नेतातच की. आल्या आल्या."

डॉ. गणपतराव म्हणजे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. विद्याश्री तशीच त्यांच्या केबिनमध्ये गेली. काचेच्या कपाटात दोन वर्षांचे अंक रांगेनं लावलेले, काहींचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं.

"सर, हे ग्रंथालयाचे आहेत."

"मी विभागप्रमुख आहे, मॅडम. माझ्या शिफारशीनं येतात ते."

"मग वाचा तरी! ती बाई बाहेर उभी हाय."

सोमवारी सकाळीच प्राचार्यांनी बोलावलं. "हे फीड बंद करा. कॉलेजच्या आतल्या गोष्टींची गावभर दवंडी कशाला?"

"दवंडीच पिटायची आहे, सर. ज्यांच्यासाठी अंक येतो त्यांनाच कळू द्यायचं न्हाय, ही कुठली रीत?"

ती तिथून उठली आणि तिनं नवी नोंद टाकली : 'अंक आला आहे. सध्या वनस्पतिशास्त्र विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये आहे.'

त्या आठवड्यात केबिनच्या दारावर टकटक थांबेना. "सर, फीडवर आलंय, अंक तुमच्याकडं हाय." चौथ्या पोराला गणपतराव ओरडले, पण संध्याकाळी आकाराम अंकांचा गठ्ठा छातीशी धरून ग्रंथालयात आला. शनिवारी अक्षता आली आणि हवा असलेला लेख तिनं तिथंच उभ्यानं वाचायला घेतला.

विद्याश्रीला मात्र शिस्तभंगाची नोटीस मिळाली. प्राचार्य माफी मागा म्हणाले. ती म्हणाली, "कशाची?" मग तिच्याकडून कॉम्प्युटर काढून घेतला आणि तिला तळघरात जुनी पुस्तकं बांधायला बसवलं. फीड थांबलं. तेव्हा पोरं प्राचार्यांच्या दारात येऊन बसली, गगनबावड्याहून अक्षताही. "आम्हाला कळलं पायजे," एवढीच मागणी. प्राचार्य तीन दिवस टिकले.

विद्याश्री परत काउंटरला आली, फीडही सुरू झालं, पण हक्काचं ग्रंथपालपद तिला शेवटपर्यंत दिलं नाही. त्या गोष्टीचा विषय निघाला की आजही तिचा आवाज चढतो.

पुढच्या वर्षी गणपतरावांनी निरोप धाडला : आमच्याही कॉम्प्युटरवर ते फीड सुरू करून द्या. ती गेली, करून दिलं. त्यांनी चहा मागवला होता. तो तसाच ठेवून ती निघून आली.