बसऱ्याचा निरोप

पहिल्या महायुद्धावरून आमच्या गावचे चौघे परत आले, पाचवा तिकडे इराकात, बसऱ्यालाच वारला. परतलेल्यांनी त्याच्या नावानं मंडळ काढलं. अमळनेरहून पितळी तांब्या आणून त्यावर त्याचं नाव कोरायचं आणि दरसाल गावातल्या एका गुणी मुलाला द्यायचा, असा रिवाज पडला. मी सातवीत असताना मास्तरांनी त्या जवानावरच निबंध लिहायला सांगितला.

मी कोणालाच काही विचारलं नाही. छातीवर गोळी झेलून तो जागच्या जागी पडला, असं बेधडक लिहून टाकलं. चावडीपुढच्या सभेत वाचला, टाळ्या पडल्या. त्या चौघांतलेच एक, मंडळाचे प्रमुख हवालदार नाना माझ्याकडे न बघताच तांब्या देऊन बाजूला झाले.

सभा उठल्यावर जवानाची आई जवळ आली. "पोरी, हाल नही व्हयनात ना त्याना?"

"नही, अक्का," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला वाटेत थांबवलं. "तो तापमा गया, दवाखानामा. आठ दिन मी त्याना जोडे, उशाशी व्हतू."

आईशी भांडून तो पलटणीत गेला होता, हे गावाला ठाऊक होतं. नाना खाली बघत म्हणाले, "मरताना बोलना, मायले सांगजो, मन्हा मनमा राग नही शे. इतला सालमा मन्ही जीभ नही उचलाई. आते तुन्हं ऐकीसन ती सुखमा शे. आते कसं सांगू?"

मी जाऊन खरं सांगते म्हणाले, तर त्यांनी नको म्हणून हात हलवला.

लग्न ठरल्यावर, गाव सोडण्याआधी, खरं सांगायचं असं मनाशी ठरवून मी अक्काकडे गेले. निबंधाचा कागद तिनं मास्तरांकडून मागून देव्हाऱ्यात ठेवला होता. तो तिनं मला पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "मन्हावर राग व्हता त्याना. तो राग गया का मग? यामा ते लिखेल नही."

"गया, अक्का. राग नव्हता."

पोर आपली समजूत घालतेय, असं धरून तिनं ते ऐकून घेतलं. नानांचं नाव सांगावं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी कागदाची घडी करून परत दिली.

ती वारल्याचं मला सासरी, बोदवडला कळलं. नानांनी तिला शेवटी सांगितलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढं तेही राहिले नाहीत.