कोळशातले पराग

खाणीवर तिला सगळे 'धूळवाली वहिनी' म्हणायचे. नाव पाडलं होतं धाकट्या दिराने. "वहिनी, तुमच्या दगडांना शिंका येतात का हो?" असं विचारून तो आधी स्वतःच हसायचा. तीही खमकी. "येतात की, तुझ्यासारखा कुणी जवळ आला की!" काम मात्र खरंच धुळीचं. दगड आम्लात विरघळवायचा, उरलेल्या गाळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे आणि दगड कुठल्या काळातला ते सांगायचं.

आज तोच दीर खचलेल्या खाणीत अडकला होता, सोबत आणखी माणसं. वरून पाडलेलं भोक कोळशाला लागलं, पण बोगदा सापडेना. जमीन सरकून सगळे थर खालीवर झालेले. हा कोळसा माणसं अडकली त्याच खालच्या थरातला असेल, तर बाजूला नवं भोक पाडायचं. वरच्या थरातला असेल, तर आणखी खाली जायचं. दिसायला कोळसा इथूनतिथून काळाच! पण खालच्या जुन्या थरात नुसते नेच्यांचे बीजाणू, फुलझाडांचा पत्ताच नाही. फुलांचे पराग फक्त वरच्यात. भोकात सोडलेल्या नळीला कान लावला की खालून ठोके ऐकू येत होते, म्हणजे माणसं जिवंत होती.

मुकादमाने कोळशाचे दोन तुकडे पाठवले. प्रयोगशाळेच्या दारात धाकटी जाऊ बसली होती.

"ताई, तिकडे त्यांचा जीव जातोय आणि तुम्ही वाट कसली बघताय? करा ना लवकर! पाया पडते तुमच्या."

कोळशाला आम्ल थंडच द्यायचं, सावकाश. तापवलं की परागही जळून जातात. इतकी वर्षं हेच ती सगळ्यांना ओरडून सांगत आली होती. पण आपलंच माणूस खाली असल्यावर कसला धीर नि कसलं काय! तिने भांडं शेगडीवर ठेवलं.

कोळसा झटक्यात विरघळला. काचेवर घेऊन पाहिलं, तर शुकशुकाट. एकही दाणा शिल्लक नव्हता. तिने कपाळावर हात मारून घेतला.

आता दुसरा तुकडा. थंड आम्ल, आणि बसून राहणं. जाऊ दाराला डोकं टेकून हुंदके देत होती. हिला वाटत होतं, उठावं आणि सगळी भांडी भिंतीवर फेकावीत.

अखेर काचेवर तीन चिरांचा एक दाणा दिसला. मग दुसरा, मग कितीतरी. फुलझाडं! तिने फोन उचलला.

"मुकादम, हा वरचा थर आहे. खाली जा, आणखी खाली!"

"लावतो मशीन, ताई. पण... ठोके मघाशीच थांबलेत."

पहिला तुकडा तापवून वाया घालवला नसता, तर हा फोन ठोके चालू असताना गेला असता. ती भिंतीला धरून खाली बसली.

जाऊ आत आली, तिचा चेहरा बघत राहिली.

"ताई, मी घाई केली, म्हणून काही बिघडलं का?"

"नाही गं," ती म्हणाली. "कोळसाच चिवट निघाला."