खंडेनवमीची बंदूक

मी जन्माची भित्री. पुण्यात पोलिसाने शिट्टी मारली की डोक्यावर हेल्मेट असूनही माझी स्कूटर आपोआप कडेला जायची. असल्या बाईने बंदुकीचा दस्ता कोरायला घ्यावा म्हणजे कमालच. पण लॉकडाऊनमध्ये माणसांनी काय काय नाही केलं! कुणी घरी पाव भाजले, कुणी गिटार आणली. मी नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये अक्रोडाचं लाकूड तासत बसले.

लाकूड शेजारच्या आजोबांचं. पंचाहत्तरीचे डच गृहस्थ, परवाना असलेले शिकारी. त्यांच्या वडिलांच्या शेतावरचं अक्रोडाचं झाड वादळात पडलं होतं, त्याची एक जाड फळी त्यांनी कित्येक वर्षं सुकवत ठेवली होती. त्या फळीचा दस्ता लावून मनासारखी एक रायफल करायची आणि येत्या हिवाळ्यात ती घेऊन शेवटचं शिकारीला जायचं, एवढी एकच हौस त्यांची उरली होती. लोखंडाचा सगळा भाग परवानाधारक कारागिराने जुळवून दिला होता. दस्ता ते स्वतः करणार होते, पण हात थरथरायला लागले. मला कुंपणापलीकडे लाकडी चमचे कोरताना त्यांनी पाहिलं होतं. "तू करशील का?" म्हणाले, आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, कायमच्या रहिवासाचा अर्ज टाकलाय आपण. आणि तू बंदूक करतेस?"

"बंदूक नाही रे, नुसतं लाकूड."

"हे तू पोलिसांना समजाव."

आजोबांचे नियम कडक होते. बंदूक त्यांच्या नजरेआड माझ्याकडे क्षणभरही राहायची नाही. मापाला लागली की कुलूप लावलेली पेटी घेऊन ते यायचे, शेडमध्ये मास्क लावून लांब बसायचे आणि काम झालं की पेटीसकट परत जायचे. शिवाय आपल्याकडे हत्यार आहे हे गल्लीत कुणालाही कळता कामा नये, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. चोर अशीच घरं शोधत असतात. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

सहा महिने लागले. लोखंडाला काजळी लावायची, लाकडावर टेकवायचं, जिथे काळं उमटेल तिथे पटाशीने केसभर काढायचं. एक चुकीचा घाव आणि त्यांच्या वडिलांचं झाड वाया, या धास्तीने मी प्रत्येक घावाआधी तीनदा माप तपासायचे. आजोबा मात्र शांत. "घाई नाही," म्हणायचे, "हरणं कुठे जात नाहीत."

दस्ता बसला तो नेमका खंडेनवमीला. मग मला राहवतंय होय! घरात पटाश्या, लॅपटॉप, माझी सायकल यांची पूजा मांडलीच होती. आजोबांना म्हटलं, "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाच मिनिटं हिलाही ठेवू या?" त्यांना ते फारच आवडलं. रायफल पाटावर ठेवली, दस्त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. आजोबा टोपी काढून डोळे मिटून उभे राहिले. तेवढ्यात मी फोटो काढला. त्यांना न विचारता.

आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, कारण सासूबाई पूजेच्या फोटोची वाट बघत होत्या. धाकट्या दिराने "वहिनींचा शस्त्रकारखाना!" असं लिहून तो कुठे कुठे पुढे धाडला. दोन तासांत रायस्वाइक गावाहून मैत्रिणीचा फोन. "अगं, हा तुझाच पाट ना? आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर फिरतोय. मागे पेटी दिसतेय, तिच्यावरचा पत्ता चक्क वाचता येतोय."

फोटो मोठा करून पाहिला. पेटीच्या मुठीला पट्टी बांधलेली, तिच्यावर आजोबांचं नाव, रस्ता, घर नंबर. मी आमच्या ग्रुपवरून फोटो उडवला, पण बाकीच्या पन्नास ठिकाणांचं काय करणार?

पुढचे तीन दिवस मी जीव मुठीत धरून काढले. पार्सलवाल्याने बेल मारली तर बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. दारातून पत्र आत पडलं की आधी पाकीट पोलिसांचं नाही ना ते बघायचे. नवरा म्हणाला, "गप्प बस. रहिवासाचं कार्ड कधीही येईल. एकदा हातात पडू दे." मीही गप्प बसले. चौथ्या दिवशी एक अनोळखी पांढरी व्हॅन आजोबांच्या दारासमोर बराच वेळ उभी राहिली. नळवाला होता तो, पण तोवर मी पडद्याआडून व्हॅनचा नंबर लिहून घेतला होता. ती गेल्यावर मी आजोबांच्या दाराशी गेले आणि दीड मीटर लांब उभी राहून सगळं सांगून टाकलं.

ते आत गेले, फोन घेऊन आले आणि माझ्यासमोर पोलिसांना लावला.

"अहो, कशाला!" मी चक्क मराठीत ओरडले.

"घरात हत्यार आहे आणि पत्ता बाहेर गेलाय," फोन ठेवून ते म्हणाले. "कळवायलाच हवं."

तासाभरात दोघं आले. पोलीसबाई माझ्याच वयाची, वागायला अगदी सौम्य. तिने आजोबांची तिजोरी पाहिली, कागद पाहिले, मग माझ्या फोनमधला फोटो. "हा काढायला परवानगी कुणी दिली?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. डचमध्ये एवढंच म्हणायचं होतं, की यांना माहीतच नव्हतं. सहा शब्द फार तर, येत होते मला. पण डोळ्यांपुढे आमचा अर्ज, त्यावर लाल शेरा आणि पुण्याचं विमान. माझे हात लटलट कापत होते. आजोबांनी त्या हातांकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "मीच सांगितलं तिला काढायला."

पोलीसबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पायपुसण्याकडे बघत राहिले. लाज वाटत होती, पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं.

फोटो काढू दिला म्हणून चौकशी बसली आणि निर्णय होईपर्यंत त्यांचा परवाना रोखला गेला. बंदुका पोलीस घेऊन गेले, आमची रायफलसुद्धा. हिवाळा आला, गोठवून गेला. आजोबा खिडकीत बसून असायचे. मी सूप करून दाराशी ठेवायचे, बेल मारायचे आणि ते यायच्या आत घरी पळायचे.

वसंतात ताकीद देऊन परवाना परत मिळाला, रायफलही. दस्त्याच्या रेषांत कुंकू तसंच होतं. ते कुणी पुसलंच नव्हतं. पण तोवर आजोबांचा हात सुपाचा चमचासुद्धा न सांडता तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हता. त्यांनी रायफल कारागिराकडे विकायला दिली.

त्याच महिन्यात आमची कार्डं आली. नवऱ्याने कुंपणावरून त्यांना सांगितलं, तेव्हा ते हळूहळू चालत ट्यूलिपचा गुच्छ घेऊन आले. फुलं थरथरत होती.

"आता घाबरायचं काही कारण नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

पोलिसांना सांगायचे राहिलेले ते सहा शब्द परत तोंडाशी आले. आता तर मला कुणी कुठे पाठवणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले, आणि फुलं घेतली.