लाल रुमालाची फुशारकी

डॉक्टरांनी माझ्या छातीची फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "न्यूमोकोनिओसिस." नाव केवढं! अर्थ एवढाच, की अठरा वर्षं चिरेखाणीत कटर चालवून मी फुप्फुसात जांभ्या दगडाची लाल धूळ भरून घेतली होती. फिल्मवर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते.

"मी रोज तोंडाला रुमाल बांधायचो," मी ठसक्यात सांगितलं. वर गुळाचा खडाही चघळायचो. संध्याकाळी ज्याचा रुमाल जास्त लाल त्याची छाती जास्त साफ, असा आम्हा शहाण्यांचा शोध! रुमाल झटकून एकमेकांना दाखवायचो.

डॉक्टर म्हणाले, "श्वासनळीला फांद्या फुटत जातात, एकीपेक्षा एक बारीक. जाड धूळ नाकात नाहीतर पहिल्या वळणांवर अडकते. दिसत नाही ती शेवटपर्यंत पोचते. गूळ पोटात जातो, छातीत नाही. बसलेली धूळ आता निघायची नाही."

हे मला कळू नये? आमच्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी मीच सोडतो. रेती पहिल्या वळणाला बसते, मऊ गाळ शेवटच्या आळ्यात जातो. गाढवालाही एवढ्यावरून अक्कल आली असती.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा खोकलो. बाहेर बाकावर बसलो तेव्हा डोक्यात एकच होतं, धाकटा भाऊ संतोष. तीच खाण, तसाच रुमाल.

घरी जाऊन त्याला सांगितलं, तर रुमाल झटकत म्हणाला, "दादा, माझं काय व्हायचं नाय. बघ, तुझ्यापेक्षा लाल!" तो हसला. खाणीचा मुकादम तर दीडशहाणा. धूळ उडू नये म्हणून कटरच्या पात्यावर पाणी सोडा म्हटलं तर म्हणतो, "खाणीत धूळ नाय तर काय अत्तर उडणार?"

मी संतोषला बागेत ओढत नेलं. त्याचाच रुमाल पाटाच्या तोंडाला बांधला आणि गढूळ पाणी सोडलं. रेती रुमालात राहिली. शेवटच्या आळ्यात मी त्याचा हात खुपसला. बोटं गाळाने माखून वर आली.

"रुमाल होता ना रे?" मी विचारलं. त्याने बोटं पाटात धुतली. दुसऱ्या दिवशी खाणीवर गेला नाही.

त्याची फिल्म काढली त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद. मी चार ठिकाणी टेकत जिना चढलो. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे." भर दवाखान्यात मी पोराटोरासारखा रडलो.

माझा दम परत यायचा नाही. तुम्ही कटरवर असाल तर पात्यावर पाणी मागा, खरा मास्क मागा, छाती तपासून घ्या. पटत नसेल तर आमच्या बागेत या. रुमाल अजून पाटाला बांधलेलाच आहे.